टॉम अँड जेरीचे काही भाग इतके वेगळे का वाटतात?

पाटीपेन्सिल: मुलीबरोबर टॉम अँड जेरीचे जुने भाग सलग बघतोय. मध्येच काही भाग असे येतात की बोका तोच, उंदीर तोच, पण काहीतरी बिनसलेलं. आवाज विहिरीतून आल्यासारखे घुमतात, हालचाली तुटक. आणखी काही भागांत टॉमच्या भुवया एकदम जाड होतात. चित्रकार बदलले होते का? जाणकारांनी सांगावं.

काळीचार: चित्रकारच काय, अख्खा स्टुडिओ बदलला, तोही दोनदा.

मूळ भाग विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांचे. १९४० साली एमजीएम या हॉलिवूड स्टुडिओसाठी त्यांनी पहिला भाग केला, तेव्हा बोक्याचं नाव जॅस्पर होतं! टॉम आणि जेरी ही नावं १९४१ पासूनची. नावासाठी स्टुडिओतच स्पर्धा ठेवली होती, जॉन कार या अ‍ॅनिमेटरने ५० डॉलर जिंकले. १९५८ पर्यंत या जोडीचे ११४ भाग आले आणि त्यातल्या सातांना ऑस्कर मिळालं.

एमजीएमने १९५७ मध्ये कार्टून विभाग बंद केला. जुनेच भाग पुन्हा थिएटरात लावून जवळपास तेवढीच कमाई होत असेल तर नवे कशाला, असा हिशेब. पुढे १९६१-६२ मध्ये जीन डाइच यांनी प्रागमध्ये १३ भाग केले, तुम्हाला घुमणारे आवाज ऐकू येतात ते हेच. जाड भुवया चक जोन्सच्या, १९६३ ते १९६७, ३४ भाग.

मी पियानो शिकवते, त्यामुळे माझं लक्ष आधी संगीताकडे जातं, आणि माझ्या मते खरा फरक तिथे आहे. हॅना प्रत्येक हालचाल तालाच्या मात्रांत मोजून ठरवायचे. स्कॉट ब्रॅडली त्यावर संगीत रचायचे. जेरी दबकत चालला की पावलागणिक सूर, टॉम जिन्यावरून गडगडला की सूरही त्याच्याबरोबर घसरत खाली. पात्रं जवळपास बोलतच नाहीत, संवादाचं काम वाद्यवृंद करतो.

‘द कॅट कॉन्चर्टो’ (१९४७) बघाच. टॉम फ्रांझ लिस्ट या संगीतकाराची ‘दुसरी हंगेरियन ऱ्हाप्सोडी’ ही पियानोरचना वाजवतोय, जेरी पियानोच्या आतल्या हातोड्यांवर झोपलेला. सूर चढले की टॉमचा हात उजवीकडे, खर्जात उतरले की डावीकडे. मग जेरी काही पट्ट्यांच्या जागी उंदराचा सापळा बसवतो. टॉमचं बोट त्याच्या आजूबाजूच्या पट्ट्यांवर पडत राहतं आणि आपण श्वास रोखून बसतो, कारण पुढचा सूर कुठला ते कानाला आधीच कळलेलं असतं. मी विद्यार्थ्यांना हा भाग आवर्जून दाखवते.

रीळवाला: वॉर्नर स्टुडिओचा ‘ऱ्हाप्सोडी रॅबिट’ही सांगायला हवा. दिग्दर्शक फ्रिझ फ्रेलेंग, १९४६. बग्ज बनी हा ससा पियानोवर, तीच लिस्टची रचना, आणि तिथेही पियानोत उंदीर. दोन्ही स्टुडिओंनी एकमेकांवर चोरीचा आरोप केला होता. ऑस्कर मात्र टॉमला मिळालं.

काळीचार: हो, आणि ते मिळायलाच हवं होतं. बग्ज प्रेक्षकांशी खेळतो, वाजवणं हे त्याचं निमित्त. टॉमला मैफल खरोखर पार पाडायची आहे. म्हणून जेरीचा प्रत्येक खोडसाळपणा टोचतो.

तिसरीघंटा: डाइचवर सगळेच तुटून पडतात. हा माणूस कमी पैशांत, मूळ भाग फारसे न पाहिलेल्या चमूकडून काम करून घेत होता. शीतयुद्धाचे दिवस, त्यामुळे चेक कलाकारांची नावंही श्रेयनामावलीत बदलून टाकली. संगीतकार वाक्लाव लीडल तिथे ‘व्हिक्टर लिटल’ झालेत. आणि याच डाइच यांच्या ‘मन्रो’ला १९६० सालचं लघु-कार्टूनचं ऑस्कर मिळालं होतं.

काळीचार: कलाकारांबद्दल पूर्ण सहमत, नावं बदलावी लागणं क्लेशदायकच. टॉड डॉकस्टेडर यांनी केलेले ते आवाज मला स्वतंत्रपणे ऐकायलाही आवडतात. पण टॉम आपटतो एका क्षणी आणि आवाज तरंगत राहतो नंतरही, त्यामुळे माराचा ताल सुटतो. पाटीपेन्सिल, मुलीला आधी १९४३ ते १९४८ मधले भाग दाखवा, मग प्रागचे. तिला काय जाणवतं ते इथे नक्की लिहा.