भावाचा पायलोनिडल सायनस : टाके घालावेत की जखम उघडी ठेवावी? (मदत हवी आहे)

‘अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य’ या म्हणीवर आजवर हसत आले. आता भावाचं दुखणं (पायलोनिडल सायनस, म्हणजे माकडहाडाशी कातडीखाली झालेली वाहती पोकळी) नेमकं त्याच जागी आहे आणि ड्रेसिंग माझ्याकडे आहे, तेव्हा हसू येत नाही.

भाऊ २२ वर्षांचा. दिवसाचे दहा-बारा तास खुर्चीत. वजन जरा जास्त, अंगावर केस भरपूर. वर्षभर तो एका कुल्ल्यावर कलून बसायचा, मला वाटलं सवय असेल. कपड्यांवर डाग पडायचे ते स्वतःच धुऊन टाकायचा, त्यामुळे घरात कुणाला पत्ता नाही. केसतोड समजून तीनदा अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्या. आठ दिवस बरं, की परत तेच. शेवटी माकडहाडाशी लिंबाएवढं गळू झालं, ताप चढला, पाठ टेकता येईना. रात्रीच नेलं, चिरा देऊन पू काढला.

ताप उतरला, पण दीड महिना झाला तरी तिथून पाणी येतंच आहे. परवा टॉर्च धरून नीट पाहिलं. दोन कुल्ल्यांमधल्या घळीत, बरोब्बर मधल्या रेषेवर, सुईने टोचावीत तशी तीन भोकं. एकातून केसाचं टोक डोकावत होतं. चिमट्याने हलकेच धरलं तर पेरभर लांब केस अलगद बाहेर आला. त्याला मूळ नव्हतं. सरळ, कापलेला केस. भावाचे तिथले केस तर कुरळे आहेत! हा आला कुठून?

तीन डॉक्टर झाले. पहिले म्हणाले, सगळं कापून काढू आणि जखम उघडी ठेवू, तळापासून भरत येईल. दुसरे म्हणाले, फ्लॅप करू, म्हणजे बाजूची कातडी सरकवून टाके घालू. तिसऱ्या ठिकाणी लेसर : चिरा नाही, दोन दिवसांत कामावर. ‘परत होऊ शकतं’ यावर मात्र तिघांचंही एकमत.

कुणी यातून गेलं आहे का? काय विचारून निर्णय घ्यावा? आणि आईने धोसरा लावलाय की हे जन्मतःच असणार, तिच्याच लक्षात आलं नाही. तिला काय सांगू?

कोपऱ्यातलीखुर्ची :
मी गेलोय. उघडी जखम ठेवली होती, भरायला अडीच महिने लागले. रोज बायको ड्रेसिंग करायची. पहिल्या दिवशी खड्डा पाहून ती पांढरीफटक पडली, पंधराव्या दिवशी फोनवर बोलता बोलता करायला लागली. पाच वर्षं झाली, परत काही नाही. भावाला सांगा, लाजू नकोस. मी लाजण्यात दोन वर्षं घालवली आणि तेवढ्यात एका भोकाची चार झाली.

रात्रपाळी :
सर्जरी वॉर्डात काम करते, डॉक्टर नाही. पण हे पेशंट इतके पाहिलेत की थोडं सविस्तर लिहिते.

आधी आईंसाठी. पूर्वी डॉक्टरसुद्धा हे जन्मजातच मानायचे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातले पाऊण लाखाहून जास्त जवान यासाठी दवाखान्यात दाखल झाले. तासन्‌तास जीपमध्ये आदळत बसणारी पोरं, म्हणून ‘जीप डिसीज’ असं नावच पडलं. मग १९४८ साली पेटी आणि स्कार्फ या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी एका न्हाव्याच्या बोटांच्या बेचक्यात असाच सायनस दाखवला, आत गिऱ्हाइकांचे केस! बेचक्यात केस उगवत नाहीत, म्हणजे ते बाहेरून घुसले. आज बहुतेक सर्जन हा आजार नंतर होणाराच मानतात. घरात आणखी कुणाला असेल तर शक्यता वाढते, पण आईंच्या नजरेतून काही सुटलेलं नाही.

तुमच्या बिनमुळाच्या केसाचं उत्तरही इथेच आहे. केसावर कौलांसारखे खवले असतात. बसता-उठता घर्षण झालं की सुटा केस एकाच दिशेने आत सरकत राहतो, मागे येत नाही. जर्मनीत सायनसमधले केस तपासले तेव्हा त्यातले बरेचसे डोक्याच्या मागच्या भागातल्या केसांशी जुळणारे निघाले. केस कापले की बारीक तुकडे मानेवरून पाठीवर, पाठीवरून घळीत. म्हणून कटिंगनंतर लगेच अंघोळ, हे मी प्रत्येकाला सांगते. पायलोनिडल म्हणजे तरी काय, लॅटिनमध्ये ‘केसांचं घरटं’. १८८० साली हॉजेस नावाच्या डॉक्टरने ठेवलेलं नाव.

गोळ्यांनी का गेलं नाही, तेही यावरून कळेल. घरटं आतच राहतं. गळू झालं की पू बाहेर काढणं हाच उपाय, तोही चिरा मधल्या रेषेच्या बाजूला देऊन.

आता तुमचा प्रश्न. टाके की उघडं, याच्याआधी सर्जनना एकच विचारा : टाक्यांची रेघ कुठे येणार? घळीच्या बरोब्बर मध्ये येणार असेल तर मी तरी दुसरीकडे विचारेन. तिथे हवा नाही, घाम आहे, बसलं की ताण आहे. मध्यरेषेवर शिवलेल्या जखमा उसवतात, पिकतात, दुखणंही जास्त वेळा परत येतं. कारिडाकिस या ग्रीक सर्जनची पद्धत, बॅस्कम यांची क्लेफ्ट लिफ्ट आणि चौकोनी तुकडा फिरवून लावायचा लिम्बर्ग फ्लॅप, तिन्हींमागचा विचार एकच : घळ उथळ करायची आणि व्रण शक्यतो बाजूला न्यायचा. उघडी जखम चुकीची नाही, पण महिनोन्‌महिने ड्रेसिंग करायची तयारी हवी. लेसर किंवा भोकं तेवढी कोरून काढण्याचे छोटे उपाय लहान, साध्या आजारात चांगले. आत फाटे बरेच असतील तर ‘दोन दिवसांत कामावर’वर भाळू नका.

आणि तो केस. दिसत होता, अलगद आला, ठीक. पण चिमटा आत घालून शोधत बसू नका.

गणित_कच्चं :
भगंदर तर नाही ना? माझ्या मित्राचं उलटं झालं होतं.

रात्रपाळी :
चांगला प्रश्न. भगंदराचं तोंड सहसा गुदद्वाराच्या जवळ असतं, याची भोकं वर, मध्यरेषेवर. बहुतेकदा नुसतं तपासून कळतं. शंका असेल तर एमआरआय करतात. काखेत किंवा जांघेतही अशा गाठी येत असतील तर दुखणं वेगळं असू शकतं, तेही डॉक्टरांना सांगा.

कोपऱ्यातलीखुर्ची :
एक राहिलं. जखम भरल्यावर मी नेमाने रेझर फिरवायचो. सर्जनने ते बंद करायला लावलं, म्हणाले त्याने उलट परत होण्याचा धोका वाढतो. मग लेसरने केस काढले. (हे लेसर वेगळं बरं, केसांचं. सायनस जाळायचं वेगळं. मी सहा महिने दोन्ही एकच समजत होतो.)

रात्रपाळी :
बरोबर. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत ११ ते २१ वयाच्या पेशंटमध्ये नेहमीच्या उपचारांसोबत केसांचं लेसर दिलं, तर वर्षभरात साधारण १० टक्क्यांना परत झालं. न दिलेल्यांत साधारण ३४ टक्क्यांना. भाऊ सिगरेट ओढत असेल तर तीही सोडायला लावा, जखम भरायला वेळ लागतो. आणि परत ताप आला, फुगलं, ठणकायला लागलं तर ऑपरेशनच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

धागाकर्ती :
सगळ्यांचे आभार. काल दुसऱ्या डॉक्टरांकडे परत गेलो. ‘टाक्यांची रेघ कुठे येणार?’ विचारलं तर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, मग कागद ओढून चित्रच काढलं. घळ, तीन टिंबं, आणि डावीकडे सरकवलेली रेघ. आत एक फाटा डावीकडेच गेलाय म्हणे. कारिडाकिस ठरलं, पुढच्या महिन्यात. आईला न्हाव्याची गोष्ट सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि भावाला म्हणाली, तू आधी केस कापून आल्यावर अंघोळ करत जा.

एक विचारायचं राहिलं : ऑपरेशननंतर पहिले काही दिवस कुशीवर झोपवायचं की पालथं? आणि गाडीतून घरी आणताना तुम्ही कसं केलंत, खुर्चीसाहेब?