सौदाद: विरह, हुरहूर की आणखी काही?

गेले आठ महिने फादू ऐकत पोर्तुगीज शिकते आहे. फादू म्हणजे लिस्बनची विरहाची गाणी. लॅटिनमधल्या 'नियती' या अर्थाच्या शब्दावरून हे नाव आलंय. आमालिया रॉड्रिग्ज एकेक शब्द इतका सावकाश गातात की वहीत उतरवून घेता येतो. १९९९ मध्ये त्या गेल्या तेव्हा पोर्तुगालने तीन दिवस राष्ट्रीय दुखवटा पाळला होता.

माझं अडलंय ते 'सौदाद' या पोर्तुगीज शब्दापाशी. मराठीत त्याला काय म्हणावं? विरह म्हणावं तर त्याला प्रिय माणूस लागतं. सौदाद सुटलेल्या गावाची, सरलेल्या वयाचीही असते. हुरहूर जवळची वाटते, पण ती उगीचच लागू शकते. सौदाद बहुधा कशाची तरी असते. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

नामापेक्षा क्रियापद बघा. आपल्याकडे आठवण 'येते', तिकडे सौदाद जवळ 'असते', आणि तीही अनेकवचनात: 'तेन्यू सौदादश'. भेट झाली, मनसोक्त बोलणं झालं, की म्हणतात 'मातार सौदादश', शब्दशः सौदाद मारणे. इथे मराठी माणूस हमखास फसतो. आपण भूक मारतो म्हणजे न जेवता दाबून टाकतो; पोर्तुगिजांत भूक मारणं म्हणजे पोटभर जेवणं. तेव्हा इथे तहानेसारखं 'भागवणे'च घ्यावं.

प्रतिसाद

ब्राझीलची गाणी ऐकणार असाल तर कान बदलावा लागेल. लिस्बनमध्ये शेवटचा स्वर गिळतात, रिओत 'सौदाजी' म्हणतात. प्रेमभंगाला तिथे 'कोपराचं दुखणं' म्हणतात! गुत्त्यात कोपरं टेकून तासन्‌तास बसलेला माणूस डोळ्यांपुढे आणा.

प्रतिसाद

मी गोव्याचा. फादूत 'जानेला' ऐकलं आणि आजीच्या घरची जनेल आठवली. कोकणीत खिडकीला आम्ही तेच म्हणतो. 'पार्तीर'ही लिहून ठेवा: निघून जाणं आणि मोडणं, दोन्हीला एकच क्रियापद. कुणी निघालं असं गाण्यात आलं की मला काहीतरी मोडल्याचंही ऐकू येतं.

प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. 'सौदाद भागवणे' वहीत लिहिलं. नुसत्या सौदादला तूर्त 'ओढ' म्हणते. आता 'मागुआ'. अर्थ मनातलं दुःख, पण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ डाग. 'सल' लिहिलं तर डागाचा काटा होतो. चालेल का?