पैसा तयार कुठे होतो, आणि कोकणात का होत नाही?

देवगडकर
नोटा रिझर्व्ह बँक काढते आणि बाकीच्या बँका एकाची ठेव दुसऱ्याला कर्जाऊ देतात, असं आपल्याकडे सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात कर्ज मंजूर झालं की बँक कर्जदाराच्या खात्यात रक्कम जमा करते, आणि ती कुणाच्याही खात्यातून वजा होत नाही. तो नवा पैसा असतो. कर्ज फिटत जातं तसा तो नाहीसा होतो. बँक ऑफ इंग्लंडने 2014 साली आपल्या त्रैमासिकात हे स्पष्ट लिहिलं आहे. भारतातही लोकांच्या हातातली रोकड एकूण पैशाच्या ढोबळमानाने सातवा हिस्सा आहे. बाकी सगळं खात्यांवरच.

म्हणजे कर्ज कुणाला द्यायचं हे ठरवणाराच पैसा कुठे जन्माला येणार हे ठरवतो. आमच्या शाखांत चाकरमान्यांच्या ठेवी आहेत, कर्जं मात्र मुंबई-पुण्याच्या फ्लॅटना. कलमांना, होड्यांना, काजूच्या कारखान्यांना काय मिळतं?

निवृत्त बँकवाला, रत्नागिरी
नोंद तशीच होते. पण कर्जदाराने ते पैसे दुसऱ्या बँकेतल्या व्यापाऱ्याला दिले की आमच्या बँकेला रिझर्व्ह बँकेतल्या आपल्या खात्यातून ते चुकते करावे लागतात. तिथे खडखडाट असेल तर व्याजाने उसने घ्या. शिवाय ठेवींच्या साधारण 18 टक्के मुख्यतः सरकारी रोख्यांत अडकवायचे, कर्जाच्या जोखमीच्या प्रमाणात बँकेचं स्वतःचं भांडवल राखायचं. ठेवी लागतातच हो. आणि कर्जातूनच ठेव होते म्हणता, तर ‘आमच्या ठेवी मुंबईला गेल्या’ ही तक्रार कशी टिकते?

देवगडकर
ठेवी पळवल्या असं मी म्हणतच नाही, काका. नवा पैसा इथे तयार होत नाही, एवढंच म्हणतो. तुम्ही सांगितलेला भांडवलाचा नियमच बघा. घरकर्जाला इतर बऱ्याच कर्जांपेक्षा कमी भांडवल लागतं. मग बँक फ्लॅटकडेच वळणार. ग्रामीण आणि निमशहरी शाखांसाठी 60 टक्के कर्ज-ठेव प्रमाणाचं, म्हणजे शंभर रुपये ठेवींमागे साठ रुपये कर्जाचं, उद्दिष्ट आहे, पण ते देशभराचं मिळून मोजतात. एखादा जिल्हा मागे राहिला तर कुणाला जाब विचारायचा?

निवृत्त बँकवाला, रत्नागिरी
जिल्ह्याचं प्रमाण 40 टक्क्यांखाली गेलं तर अग्रणी बँकेने, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय करणाऱ्या बँकेने, जिल्ह्यासाठी विशेष उपसमिती नेमायची असते. विचारायला जागा आहे.

काजूवाली, गुहागर
तुमचं दोघांचं ऐकलं. आमचा सातबारा सामाईक आहे. आजेसासऱ्यांच्या भावांपासूनची नावं, काही वारलेले, काहींचा पत्ताच नाही. सह्या कोण करणार? शाखेतले साहेब चांगले आहेत, पण तारणाशिवाय त्यांचेही हात बांधलेले. मग पतसंस्थेत जायचं आणि जास्त व्याज भरायचं. पतसंस्थेला तर पैसा तयारही करता येत नाही; बँकेतल्या तिच्या खात्यात असेल तेवढाच ती देते. तिथल्या ठेवींना बँकेसारखं पाच लाखांचं विमा संरक्षणही नाही. दादा, आधी वाटपपत्रं होऊ द्या, मग रिझर्व्ह बँकेशी भांडा.

देवगडकर
ताई, वाटपाला पिढी जाईल. हापूसच्या बागा आणि प्रक्रिया उद्योग तोवर थांबायचे का? पिकावर, साठ्यावर, बिलांवर कर्ज देता येतं. फक्त बँकेने तसं ठरवायला हवं. आपल्याकडच्या जमिनी विकत घ्यायला बाहेरच्यांना कर्ज मिळतं, त्या नव्या पैशाने भाव चढतात, आणि मग आपलाच मुलगा गावात गुंठाभर घेऊ शकत नाही. त्यापेक्षा प्रक्रियेला कर्ज द्या. पैशासोबत मालही वाढेल. अग्रणी बँकेच्या पुढच्या बैठकीआधी आपण तालुकावार आकडे मागणारच.

निवृत्त बँकवाला, रत्नागिरी
मागा, मीही सही करतो. पण परत गेलेल्या अर्जांची कारणंही सोबत मागा. माझ्या मते बहुतेक ताईंच्या सातबाऱ्यासारखीच निघतील.