जामीन देताना आम्हाला बोलावलंच नाही, जजवर कारवाई कुठे मागायची? (मदत हवी आहे)

पहाटेचं_पाणी:
आरोपी सुटून चाळीत परत आलाय. काल सकाळी नळावर माझ्या आईच्या शेजारी उभा होता. जामीन झाल्याचं आम्हाला तो दिसल्यावर कळलं. आम्हाला ऐकून घ्यायला हवं असं कायद्यात आहे ना? मग ज्या जजनी असा जामीन दिला त्यांच्यावर कारवाई कुठे मागायची, मंत्रालयात की हायकोर्टात? अर्जाचा मजकूर सांगा. लवकर सांगा, प्लीज. वकील बघा असं सांगू नका, दोघांकडे जाऊन आले.

ठाणे_लोकल:
कलम कोणतं? ऑर्डर कधीची? सेशन्स की मॅजिस्ट्रेट?

पहाटेचं_पाणी:
भावाला मारलं, जातीवरून शिव्या दिल्या. एफआयआरमध्ये सगळं आहे. कोर्टाचं नाव लिहीत नाही, केस तिथेच चालणार आहे.

ठाणे_लोकल:
म्हणजे ॲट्रॉसिटी. हे आधी सांगायचं ना ताई, उत्तरच बदलतं.

गिरणगाव६२:
सरळ पोलीस स्टेशनला जाऊन जजवरच गुन्हा दाखल करा. गप्प बसलात तर कोणी विचारणार नाही.

नक्कल_विभाग:
असं काही करू नका. कोर्टात ३१ वर्षं नोकरी केली आहे म्हणून सांगतो. न्यायाधीशांनी कामकाजात दिलेल्या आदेशाबद्दल त्यांच्यावर गुन्हा किंवा दावा चालत नाही, १९८५ चा न्यायाधीश संरक्षण कायदा आहे. मंत्रालयाचाही हात तिथे पोचत नाही. घटनेच्या कलम २३५ प्रमाणे खालच्या कोर्टांवर नियंत्रण हायकोर्टाचं. तक्रार जाते हायकोर्टाच्या रजिस्ट्रार, व्हिजिलन्स (दक्षता विभाग) यांच्याकडे, सोबत प्रतिज्ञापत्र आणि कागद जोडून. नुसता संताप लिहिलेला अर्ज फायलीत पडून राहतो.

गिरणगाव६२:
मग पुण्यात पोर्शे अपघाताच्या वेळी अल्पवयीन मुलाला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन दिला, त्यातल्या दोघांना सरकारनेच काढलं ना?

नक्कल_विभाग:
ते दोघे बाल न्याय मंडळाचे सरकारने नेमलेले सदस्य होते, म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकार काढू शकलं. साताऱ्याचं उदाहरण घ्या. जामिनासाठी ५ लाखांची लाच मागितल्याचा गुन्हा जिल्हा न्यायाधीशांवर नोंदला गेला, आणि २०२५ मध्ये हायकोर्टाने त्यांना बडतर्फ केलं. तिथे पैशाचा आरोप होता. ताईंकडे तसं काही आहे का?

पहाटेचं_पाणी:
पैशाचं मला माहीत नाही, खोटं कशाला बोलू? पण आम्हाला बोलावलं नाही हे तर खरं आहे.

भाच्याची_मावशी:
मला वेगळं सांगायचंय. माझा भाचा दीड वर्ष आत आहे, खटला सुरूही नाही. जामीन दिला म्हणून जजना शिक्षा व्हायला लागली तर उद्या कोणी जामीनच देणार नाही, आणि त्यात आमच्यासारखे भरडले जातील. २०१९ मध्ये बिहारच्या एका न्यायाधीशांवर जामिनाच्या आदेशांवरून कारवाई झाली होती, ती सुप्रीम कोर्टाने रद्द केली. नुसता आदेश चुकला म्हणजे गैरवर्तन होत नाही, असं स्पष्ट म्हटलंय.

ठाणे_लोकल:
आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने जामिनाच्या प्रकरणात दिल्लीच्या दोन न्यायिक अधिकाऱ्यांना किमान ७ दिवस प्रशिक्षणाला पाठवलं, तेही सांगा. काहीच होत नाही असं नाही.

भाच्याची_मावशी:
प्रशिक्षणाला माझी ना नाही. नोकरी घालवायला आहे.

वसई_रोड:
जामीनदार राहायचं असेल तर रेशन कार्ड, पगाराची स्लिप किंवा तहसीलदाराची सॉल्व्हन्सी (ऐपतीचा दाखला) लागते. आमच्या वेळी चार खेपा झाल्या.

पहाटेचं_पाणी:
मला जामीनदार नकोय हो. तो आत जायला हवाय.

नक्कल_विभाग:
मग जजना दोन मिनिटं बाजूला ठेवा ताई. ॲट्रॉसिटीत कलम १५अ आहे. जामिनाच्या सुनावणीची सूचना पीडिताला मिळालीच पाहिजे आणि त्याला बोलू दिलंच पाहिजे. २०२१ मध्ये राजस्थानच्या हरिराम भांभी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने एवढ्यावरच जामीन रद्द केला होता. तुम्हाला हायकोर्टात अपील करता येतं, कलम १४अ, मुदत आदेशापासून ९० दिवस. उशीर झाला तर कारण पटवून द्यावं लागतं. ऑर्डरची तारीख वर विचारली होती, तुम्ही अजून सांगितली नाही. उद्याच ऑर्डर आणि रोजनाम्याच्या (कोर्टाच्या कामकाजाची तारखेवार नोंद) नकलेला अर्ज टाका, आयओचा से, म्हणजे तपास अधिकाऱ्याने जामिनावर दिलेलं लेखी म्हणणं, तेही मागा. आईंना नळावर त्रास होतोय त्यासाठी त्याच विशेष कोर्टात संरक्षणाचा अर्ज देता येतो, त्याला अपिलाची वाट बघायला नको.

ठाणे_लोकल:
वकिलाचे पैसे अडत असतील तर हायकोर्ट विधी सेवा समिती. अनुसूचित जाती-जमातीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

पहाटेचं_पाणी (पाच दिवसांनी):
नकला मिळाल्या. ऑर्डरला आज ७१ दिवस झालेत. रोजनाम्यात लिहिलंय, 'फिर्यादीस फोनद्वारे कळविले, गैरहजर'. फिर्यादी माझा भाऊ. से मध्ये जो मोबाइल नंबर आहे तो त्याचा नाही, घरात कोणाचाच नाही. एफआयआरवर त्याचा बरोबर नंबर आहे. इतके दिवस मी जजनाच धरून बसले होते.

नक्कल_विभाग:
से वर सही कोणाची?

पहाटेचं_पाणी:
आयओची.

नक्कल_विभाग:
मग दोन्ही पानं अपिलाला जोडा, तुमचा मुद्दा त्यातच आहे. नंबर एफआयआरशी ताडून पाहिला नाही ही कोर्टाचीही चूक, पण ती अपिलातच दाखवायची. आयओविरुद्ध पोलीस आयुक्तांकडे वेगळा अर्ज करा. व्हिजिलन्सकडे तक्रार करायची का, ते अपील झाल्यावर बघू. हातात १९ दिवस आहेत.

पहाटेचं_पाणी:
उद्या विधी सेवा समितीत जातेय. जातीचा दाखला माझा चालेल का?

ठाणे_लोकल:
भावाचा न्या. आणि त्यालाही सोबत न्या, सही त्याची लागेल.