एक्सएसएलटीत एकाच वेळी अनेक शब्द कसे शोधावेत? मदत हवी आहे

मंडळी, इंदूरच्या आमच्या छोट्या मराठी वाचनालयाची पुस्तकसूची एक्सएमएलमध्ये (खुणा घालून माहिती साठवायच्या मजकूर-स्वरूपात) आहे. ती पानावर दाखवणारी स्टाइलशीट एक्सएसएलटी (एक्सएमएलचं रूपांतर करायची भाषा) १.० ची, म्हणजे १९९९ ची. ब्राउझरला त्यापुढचं कळतच नाही. वाचक शोधताना 'होळकर माळवा इतिहास' असं टाकतात. मजकुरात शब्द आहे का ते पाहणारं कंटेन्स() फंक्शन हे तिन्ही शब्द सलग, जसेच्या तसे शोधतं, मग हाती काय लागणार! २.० मधलं शब्द सुटे करणारं टोकनाइझ() इथे चालत नाही.

सबस्ट्रिंग-बिफोर() ने (म्हणजे स्पेसच्या आधीचा भाग काढून) एकेक शब्द तोडून टेम्पलेटने (स्टाइलशीटमधल्या नियमांच्या तुकड्याने) स्वतःलाच पुन्हा बोलवायचं, इथवर सुचलंय. पण सगळे शब्द सापडले तरच पुस्तक दाखवायचं, तर ही अट कुठे घालू?

शिवाय 'राम' शोधला की 'आराम'ही येतो (ज्येष्ठ सभासद लगेच बोलतात). शब्दाच्या दोन्ही बाजूंना स्पेस जोडली तर 'रामाचा' सुटतो. फक्त आधी जोडून भागेल का? कुणाकडे नमुना टेम्पलेट असेल तर कृपया टाका.