सरपंच बिनविरोध करायचा, म्हणजे नेमकं कोणाचं तोंड बंद करायचं?

पांदणवाला (दारव्हा तालुका, यवतमाळ), डिसेंबर 2025

आमच्या गावच्या ग्रुपवर तालुक्यातल्या एका पक्षाच्या पदाधिकाऱ्याचा लांबलचक मेसेज फिरतोय. सार एवढंच: ग्रामपंचायतीची मुदत संपत आली, निवडणुकीनं घराघरात भांडणं लागतात, पैसा पाण्यासारखा जातो, तेव्हा बसून सरपंच बिनविरोध करा, निधीचं पक्ष पाहून घेईल. शेवटी एक टोमणा: ज्यांची घरपट्टी थकली आहे त्यांनी लोकशाहीच्या गोष्टी करू नयेत. त्याखाली हात जोडल्याची तीन चित्रं.

त्यावर शनिवारी रात्री मारुतीच्या पारावर बैठक झाली. मीही होतो. सतरंजीवर वीस-बावीस माणसं, सगळे पुरुष. सरपंचपद यावेळी महिलेसाठी सुटलंय, हे इथं मुद्दाम सांगतो. पहिला अर्धा तास गावाच्या एकीवर गेला. मग विषय हळूच मंदिराच्या सभामंडपाकडे वळला. एक म्हणाला पाच लाख देतो, दुसरा सात. चहा आला, चहा संपला, आकडा अकरावर थांबला. वहीत कोणी काही लिहिलं नाही. एका पोरानं बॉलपेननं तळहातावर 11 लिहून घेतलं, बस्स. अकरा लाखवाल्याची बायको आता आमची बिनविरोध सरपंच. ती त्या वेळी घरी भाकरी थापत असेल.

सरपंच थेट लोकांनी निवडायचा कायदा 2017 मध्ये आला, 2020 मध्ये गेला, 2022 मध्ये परत आला. मागच्या खेपेला, 15 जानेवारी 2021 च्या मतदानात, आम्ही फक्त मेंबर निवडले आणि त्यांनी सरपंच. आता कुठे सरपंचासाठी स्वतःचं बटण दाबायची पाळी आली होती, तर ते पारावरच दाबून झालं. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळी गावात असाच लिलाव झाला, तेव्हा जानेवारी 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगानं तिथली निवडणूकच रद्द केली. आमच्याकडे व्हिडिओ नाही, तळहातावरची शाई धुवून निघाली.

माझ्या आईला वॉर्ड दोनमधून मेंबरकीचा फॉर्म भरायचाय. बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी निरोप आला की तुमची घरपट्टी-पाणीपट्टी 2,360 रुपये बाकी आहे, फॉर्म टिकणार नाही. मागणीचं बिल आमच्या दारात कधी आलंच नाही.

बोला आता.

ओट्यावरचा

मी याच गावचा आहे आणि त्या सतरंजीवर मीही होतो. अर्धं सांगितलंस भाऊ, बाकीचं मी सांगतो.

2021 च्या मोजणीच्या दिवशी काय झालं ते का गाळलंस? गुलाल उधळत मिरवणूक हरलेल्याच्या दारात मुद्दाम थांबवली. दगड आला, डोकं फुटलं, दोन्हीकडून केस झाली. ते दोघे सख्खे चुलतभाऊ अजून एकमेकांच्या मयतीला जात नाहीत. धुऱ्यावरचं बाभळीचं झाड कोणाचं, यावर चार तारखा झाल्या. नऊ मेंबरांच्या ग्रामपंचायतीत एका मेंबरला खर्चाची मर्यादा 25 हजार. तेवढ्यात तर ढाब्यावरचं एका रात्रीचं मटण होत नाही. आदल्या रात्री दारोदार पाचशेच्या दोन-दोन नोटा फिरल्या त्या वेगळ्या. हे सगळं लावलेला माणूस पाच वर्षं काय करणार? वसुलीच ना?

मग तोच पैसा मतदाराच्या खिशात जाऊन दारूच्या दुकानात जिरण्यापेक्षा मंदिराच्या सभामंडपाला लागला तर बिघडलं कुठे? लग्न-तेरवीला गावाला टिनाची सावली तरी होईल.

सातबारा_कोरा

काहून बावा, लिलाव मंदिरासाठी केला म्हनजे तो परसाद होते काय?

अन् घरपट्टीचा टोमना कोनाले मारून रायले? म्या बोंडअयीसाठी औषध आनतो त्यावर 18 टक्के जीएसटी. खतावर 5. 2025 च्या सप्टेंबरात ट्रॅक्टरचा जीएसटी 12 वरून 5 केला म्हनून पेपरात फोटो आले, पन मायाजवळ ट्रॅक्टर आहे कुठी? फवाऱ्याच्या औषधावरचे 18 तसेच रायले. दुकानदार त्याचा जीएसटी वजा करून घेते, मी कोनापासून वजा करू? वरून 2025 च्या 19 ऑगस्टले कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क माफ केलं. आधी सप्टेंबरपर्यंत म्हने, मंग 31 डिसेंबरपर्यंत. म्हनजे आमचा कापूस घरात यायच्या येयेवर बाहेरचा कापूस बिनशुल्क. 2025-26 चा हमीभाव 8,110 लिहून ठेवला लांब धाग्याले, अन् गावात खेडा खरेदीवाला किती देते ते त्यालेच इचारा.

इतका कर भरून बी मी बोलू नोको म्हनते!

हिशोब_द्या

ग्रामसेवक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो (आता त्या पदाला ‘ग्रामपंचायत अधिकारी’ म्हणतात, काम तेच). दोन गोष्टी.

सातबारा भाऊ, जीएसटी तुम्ही भरता हे खरं, पण तो गावात थांबत नाही. गावात थांबते ती घरपट्टी आणि पाणीपट्टी. नळयोजनेच्या मोटरीचं वीजबिल त्यातूनच जातं. वसुली झाली नाही की बिल थकतं, लाईन कापतात, आणि एप्रिलमध्ये तुमच्याच घरची बाई डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन मळ्यातल्या विहिरीवर जाते. मी नोकरीत असताना नमुना 9 ची, म्हणजे करमागणीची, वही उघडायचो तर सगळ्यात मोठी थकबाकी गरिबाची नसायची. माडीवाल्याची असायची. झोपडीवाला पोराला दाखला लागला की निमूट भरून जायचा.

पांदणवाले, तुमच्या आईचं. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 14 मध्ये थकबाकीवरून अपात्रता आहे, पण ती नुसत्या थकबाकीवर नाही. मागणीचं बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत भरलं नाही, तर. बिलच दिलं नसेल तर मुदत सुरूच झाली नाही. बजावल्याची सही दाखवा म्हणा. तरीही माझा सल्ला, भांडत बसू नका. पैसे भरा, नमुना 10 ची पावती घ्या, त्यावर तारीख आणि शिक्का बघा. छाननीच्या टेबलावर कायदा समजावून सांगण्यापेक्षा पावती पुढे करणं सोपं पडतं.

आणि 2025 च्या समृद्ध पंचायतराज अभियानात जुन्या थकबाकीवर निम्मी सूट निघाली आहे. चालू वर्षाचं पूर्ण भरायचं, मागचं निम्मं. ग्रामसभेचा ठराव मात्र लागतो. तुमच्याकडे झाला का विचारा.

ओट्यावरचा

ठराव झाला. आणि तीच तर माझी जळजळ आहे. मी दरवर्षी वेळेत भरतो. ज्यानं सहा वर्षं भरलं नाही त्याला निम्मं माफ, मला काय? पाच वर्षं कर बुडवायचा, निवडणूक आली की सूट घेऊन पावती मिळवायची आणि मतं मागायला यायचं. पदाधिकाऱ्याचा टोमणा कडू होता, पण खोटा नव्हता.

पांदणवाला

आमची बाकी सहा वर्षांची नाही, दीड वर्षाची आहे. तुला माहीत आहे. आणि अकरा लाखवाल्याच्या गोडाऊनची घरपट्टी किती वर्षांची आहे, तेही तुला माहीत आहे. त्याला कोणाचा निरोप गेला नाही.

वर्धेची_सून

मी देवळी तालुक्यातली. 2021 ला बिनविरोध मेंबर झाले होते, म्हणून लिहिते.

खरं आधी सांगते. बिनविरोध नसतं तर मी उभीच राहिले नसते. आमच्याकडे खर्चायला पैसा नव्हता, सासरे नाहीच म्हणाले असते. त्यामुळे बिनविरोध म्हणजे सगळं वाईट, असं माझ्या तोंडून निघणार नाही.

पण पुढचं ऐका. पहिल्या वर्षी मी मासिक सभेत अंगणवाडीच्या फरशीचं बिल वाचायला मागितलं. फरशी बसवलीच नव्हती, मी रोज त्या दारावरून जाते. उपसरपंच हसून म्हणाले, “वहिनी, तुम्हाला आम्ही बसवलं आहे.” एवढंच. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. मी सही केली. आजही त्या अंगणवाडीत शेणानं सारवलेलीच जमीन आहे.

माझ्या शेजारच्या गावात एक बाई सतरा मतांनी निवडून आली. तिला कोणी असं म्हणू शकत नाही. तिला मोजून मतं मिळाली आहेत. मला एकही नाही. पाच वर्षं मी लोकांची मेंबर होते, पण एका माणसानंही माझं बटण दाबलेलं नव्हतं.

सातबारा_कोरा

ताई, हे वाचून काही बोलाची इच्छाच नाई रायली.

कुरखेड्याचा_पाहुणा

गडचिरोलीतून. बिनविरोध म्हटलं की आमच्याकडच्या मेंढा-लेखाचं नाव कोणीतरी घेतोच. अजून कसं घेतलं नाही याचं नवल वाटतंय, म्हणून मीच घेतो.

धानोरा तालुक्यातलं हे गोंड गाव. “दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार” ही घोषणा तिथलीच. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं. तेव्हा मतपेटीशिवाय लोकशाही चालतच नाही असं म्हणू नका. गावानं बसून ठरवणं हेही लोकशाहीचंच रूप आहे. कदाचित जुनं रूप.

ओट्यावरचा

हेच मी सांगत होतो. धन्यवाद पाहुणे.

पांदणवाला

थांब, एवढ्यात हात मिळवू नको. पाहुणे, मेंढ्यात ग्रामसभेला बाया बसतात ना? आणि एक जरी माणूस अडला तरी विषय पुढे ढकलतात, त्याला समजावून सांगतात किंवा स्वतः समजून घेतात. बरोबर?

कुरखेड्याचा_पाहुणा

बरोबर. बाया बसतात, बोलतातही. एक माणूस नाही म्हणाला तर थांबतात. घाई नसते.

पांदणवाला

मग आमच्या पारावर सतरंजीच्या कडेला बसलेला बौद्धवाड्यातला एकच जण उठून म्हणाला होता, “मतदान होऊ द्या ना.” त्याला काय उत्तर मिळालं, ओट्यावरच्या? तू सांगतो की मी सांगू?

ओट्यावरचा

“बस खाली, चहा घे.”

मी नाही म्हटलं ते. पण म्हटलं गेलं, हो.

हिशोब_द्या

एक मुद्दा राहून जातोय. मतदान झालं तर नोटा, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’चं बटण, असतो. राज्य निवडणूक आयोगानं 2018 मध्ये महापालिका-नगरपालिकांसाठी तर आदेशच काढला की नोटाला सर्वाधिक मतं पडली तर निवडणूक पुन्हा घ्यायची. बिनविरोधात हे बटणच येत नाही. गावाला एक उमेदवारही पसंत नसेल, तरी तो निवडून येतो.

गुंडभर_पाणी

सगळे ग्रामपंचायतीवर तुटून पडलेत. यवतमाळची जिल्हा परिषद मार्च 2022 पासून प्रशासकाकडे आहे, तिथं कोण पारावर बसलं होतं? 2017 नंतर आम्ही सर्कलचा (जिल्हा परिषद गटाचा) मेंबर निवडलाच नाही. ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात, प्रभागरचना कधी अशी कधी तशी. सुप्रीम कोर्टानं मे 2025 मध्ये चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं. डिसेंबर लागला. शहरवाल्यांच्या नगरपरिषदांचं मतदान तरी सुरू झालं, जिल्हा परिषदेचा अजून पत्ता नाही.

पण आता शिव्या घालायला तयार राहा. मला यात फार काही बिघडलेलं दिसलं नाही. हातपंप तसाच दुरुस्त होतो. टक्केवारी मागणारा एक माणूस कमी झाला.

वर्धेची_सून

आमचीही प्रशासकाकडेच आहे. आमच्या सर्कलचा मेंबर चांगला नव्हता, मान्य. पण शाळेला मास्तर नव्हता तेव्हा आम्ही बाया त्याच्या ओसरीत जाऊन बसलो होतो. त्याची बायको लाजेनं चहा करत होती आणि तो फोन लावत होता. आठ दिवसांत मास्तर आला. साहेबाच्या ओसरीत बसता येतं का? जिल्ह्याला जायचं, चिठ्ठी द्यायची, शिपाई म्हणतो मीटिंग आहे.

हिशोब_द्या

आणि पैशाचंही बिघडतं, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. 15 व्या वित्त आयोगाच्या (2026 पर्यंतच्या) पैशातले 80 टक्के ग्रामपंचायतीला, 10 पंचायत समितीला, 10 जिल्हा परिषदेला. निवडून आलेलं मंडळ नसेल तर त्या संस्थेचा वाटा अडतो. हातपंप दुरुस्त झाला तो दिसतो. जो रपटा (नाल्यावरचा बुटका पूल) झालाच नाही तो कोणाला दिसणार?

गुंडभर_पाणी

पैशाचा मुद्दा मान्य. मेंबरचा अजून नाही. आमचा मेंबर ओसरीत बसूच देत नव्हता, कुत्रं बांधलं होतं दाराशी.

सातबारा_कोरा

आमच्या पलीकडं चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात 2024 च्या इधानसभेआधी नवीन मतदारांचे हजारो बोगस अर्ज सापडले, पोलिसात गुन्हा दाखल झाला. मोठी लोकशाही तिकडं अशी, लहान लोकशाही पारावर तशी. मानसानं जावं कुठी?

ओट्यावरचा

ते अर्ज तहसीलच्याच लोकांनी पकडले ना? म्हणजे पकडणारा कोणी होता. प्रत्येक गोष्टीत लोकशाही बुडाली म्हणून गळा काढू नका.

सातबारा_कोरा

तेच सांगून रायलो. तठी अर्ज कागदावर होता म्हनून पकडला. तळहातावरचा आकडा कोन पकडन?

पांदणवाला

अपडेट. आज सकाळी आई स्वतः ग्रामपंचायतीत गेली. बजावल्याची सही मागितली, वहीत नव्हती. तरी हिशोबकाकांचं ऐकून पैसे भरले. चालू वर्षाचं पूर्ण, मागचं निम्मं, 1,930 रुपये. पावतीवर शिक्का पुसट उठला म्हणून तिनं दुसऱ्यांदा मारून घेतला. आता ती पावती कापसाच्या काटापट्ट्यांसोबत डब्यात आहे. कार्यक्रम लागला की फॉर्म भरतोय, मेंबरचा. आणि काल रात्रीपासून ती म्हणतेय, सरपंचाचाही एक भरून ठेवू का? मी अजून काही बोललो नाही.

ओट्यावरचा

काकूनं सरपंचाचा भरला तर गावात पुन्हा 2021 होईल, हे लिहून ठेव. मला पटलेलं नाही, पटणारही नाही.

तहसीलला जायला गाडी लागली तर माझी ने. पेट्रोल तुझं. आणि मत मी तिला देणार नाही, हे तिला आधीच सांगून ठेव.