जुलैमधली ऑफसाइट: महाबळेश्वर की पाचगणी?

मानसी_बाणेर
नमस्कार मंडळी, आमच्या ऑफिसची दोन दिवसांची ऑफसाइट ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. साठ माणसं, पहिला दिवस पूर्ण मीटिंग, दुसऱ्या दिवशी जरा फिरणं. साहेबांना महाबळेश्वरच हवंय आणि तेही जुलैत, का तर म्हणे तेव्हा रेट पडलेले असतात. लोणावळ्याला सगळ्यांनीच नाक मुरडलं, शनिवारी घाटातच दुपार होते. पावसाळ्यात महाबळेश्वरला असं काही केलंय का कोणी?

घाटमाथा
रेट का पडतात ते विचारा की साहेबांना :) वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस तिथे, आणि जुलै म्हणजे ऐन भर. आमची झाली होती मीटिंग तिकडे, हॉलमध्ये कार्पेटचा कुबट वास, चहासोबतची बिस्किटं सादळलेली, चार्टपेपर इतका दमट की मार्करची शाई पसरायची, आणि पॉइंटवर गेलो तर समोर नुसतं पांढरं. त्यापेक्षा पाचगणी बघा. जेमतेम वीस किलोमीटर अलीकडे, पण पाऊस बराच कमी. इंग्रजसुद्धा पावसाळ्यात महाबळेश्वर सोडायचे, म्हणून तर १८६०च्या दशकात चेसनसाहेबाने पाचगणी वसवली.

वाईकर_काका
+१. मानसीताई, बस सुरूर फाट्याला वळवून वाईतून पसरणी घाटाने वर न्या. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा, आणि वाटेत तर्रीवाली मिसळ हाणू देऊ नका. हॉटेलवाल्याला जनरेटरवर नुसते लाइट चालतात की प्रोजेक्टर आणि माइकपण, ते स्पष्ट विचारा, कारण "बॅकअप आहे" सगळेच म्हणतात. खोल्यांपासून हॉलपर्यंत वर छप्पर आहे का तेही बघा, नाहीतर दारात साठ छत्र्यांचा चिखल.

मानसी_बाणेर
छत्र्यांचं डोक्यातच नव्हतं, थँक्यू काका! साहेबांना चेसनचाच दाखला देते, आमचं कोण ऐकतंय. दुसऱ्या दिवशी प्रतापगड जमेल का?

घाटमाथा
पावसात आंबेनळी घाटात दरडी येतात, साठ जणांना घेऊन कशाला ती रिस्क. सकाळी टेबललँड, मग उतरताना वाईत ढोल्या गणपती आणि मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा. मंगळवार-बुधवार धरलात तर गर्दीपण नसेल.

वाईकर_काका
मेणवलीच्या घाटाच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात हो, ऑफिसचे बूट घालून कोणी उतरू नका.